चार्जिंगच्या वेळी स्मार्टफोन तापणे

चार्जिंगच्या वेळी स्मार्टफोन तापणे ही लिथियम-आयन बॅटरीवर चालणाऱ्या सर्वच फोनमध्ये आढळणारी भौतिक घटना आहे. विद्युत ऊर्जेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर होताना तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे चार्जिंगला लावलेला फोन हाताला कोमट लागणे स्वाभाविक असून तो दोष मानला जात नाही. मात्र उष्णता निर्माण होण्याच्या मानाने ती बाहेर पडण्याचा वेग अपुरा पडला, तर फोनचे तापमान वाढत जाते. या अवस्थेस अतिताप म्हणतात. अतितापामुळे बॅटरीची धारणक्षमता कायमची घटते. बॅटरीत मूळचा दोष असेल किंवा तिला इजा झालेली असेल, तर ती फुगणे, तिच्यातून धूर येणे वा तिने पेट घेणे असे प्रकारही घडू शकतात.

ॲपल, सॅमसंग आदी उत्पादक फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या परिसरात वापरावा, अशी शिफारस करतात. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत उन्हाळ्याच्या दुपारी घराच्या आतले तापमानही या मर्यादेपलीकडे जाते. त्यामुळे येथे चार्जर कोणता, याइतकाच फोन केव्हा आणि कोठे चार्ज केला जातो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संज्ञा

विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत विद्युतधारा, विभवांतर व रोध या संज्ञा रूढ आहेत. चार्जिंगसाठी 'प्रभारण' हा प्रतिशब्द काही ठिकाणी आढळतो, परंतु बोलण्यात तो रुजलेला नाही. काटेकोरपणे पाहता बहुतेक फोनमध्ये एकच विद्युतघट असतो, घटमाला नसते; म्हणजे त्याला बॅटरी म्हणणे शास्त्रीय दृष्टीने काहीसे सैलच आहे. व्यवहारात मात्र तोच शब्द सर्वत्र चालतो आणि या लेखातही तोच वापरला आहे.

उष्णतेचे उगम

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या बॅटरीत एक धन आणि एक ऋण इलेक्ट्रोड असतो. त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ, सच्छिद्र असा विभाजक पडदा असतो आणि सर्व पोकळी सेंद्रिय द्रावकात बनवलेल्या अपघटनी द्रावणाने भरलेली असते. चार्जिंग होताना लिथियमचे आयन धन इलेक्ट्रोडमधून निघतात व पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जाऊन ऋण इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. या प्रवासाला होणारा विरोध म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध. उष्णतेचा पहिला उगम हाच.

रोधातून विद्युतधारा वाहताना निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत मांडला. शालेय अभ्यासक्रमात शिकवला जाणारा हा नियम फोनच्या चार्जिंगला तंतोतंत लागू पडतो. अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला, तर २ ॲम्पिअर धारेला ०.२ वॅट, ४ ॲम्पिअर धारेला ०.८ वॅट आणि ६ ॲम्पिअर धारेला १.८ वॅट उष्णता निर्माण होते. धारा तिप्पट झाली की उष्णता नऊपट होते. जलद चार्जिंग आणि अतिताप यांचा संबंध या वर्गाच्या नियमात आहे. बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणून त्याच चार्जरवर जुना फोन नव्यापेक्षा अधिक तापतो.

दुसरा उगम फोनमधील चार्जिंग नियंत्रक मंडलाचा आहे. बाहेरून आलेले विभवांतर बॅटरीला मानवेल इतके खाली आणताना थोडी ऊर्जा वाया जाते. ॲडॅप्टरमध्येही २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा कमी विभवांतराच्या दिष्ट धारेत रूपांतरित होताना उष्णता निघते, पण ती फोनबाहेर निघत असल्याने बॅटरीला तिचा उपद्रव होत नाही.

तिसरा उगम फोनच्या वापराचा. पडदा, प्रक्रियक आणि रेडिओ संच हे सर्व ऊर्जा खर्च करतात आणि ती अखेर उष्णतेतच जाते. चार्जिंग चालू असताना चित्रफीत पाहणे, खेळ खेळणे, दृक्‌श्राव्य संवाद साधणे किंवा हॉटस्पॉट चालवणे म्हणजे दोन चुली एकाच वेळी पेटवण्यासारखे आहे. जेथे नेटवर्कची रेंज क्षीण असते, तेथे टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो व काहीही न करता नुसता पडून असतानाही अधिक तापतो. २०२० व २०२१ मधील टाळेबंदीत शाळा फोनच्या पडद्यावर भरू लागल्या, तेव्हा तासन्‌तास चार्जरला जोडलेल्या फोनवरून शिकण्याची वेळ असंख्य विद्यार्थ्यांवर आली. त्या काळात हे तिन्ही उगम एकाच वेळी चालू राहत.

उष्णता बाहेर पडण्याचे मार्ग

स्मार्टफोनमध्ये सहसा पंखा नसतो. आत निर्माण झालेली उष्णता ग्रॅफाइटचे पातळ पत्रे, धातूची चौकट आणि काही फोनमध्ये बाष्पकोष यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर पसरवली जाते. तेथून ती वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी बाहेर जाते. हे तिन्ही मार्ग एका अटीवर अवलंबून आहेत: परिसर फोनपेक्षा थंड असला पाहिजे. उष्णता आपोआप थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे जात नाही.

एका ढोबळ हिशोबाने हे स्पष्ट होईल. साधारण १६ सेंटिमीटर लांब व ७.५ सेंटिमीटर रुंद फोनच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे २४० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. स्थिर हवेत दोन्ही बाजू मोकळ्या असतील, तर २ वॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा ८ ते १० अंशांनी अधिक तापलेला असावा लागतो. खोलीत २८ अंश असतील, तर फोन ३६ ते ३८ अंशांवर स्थिरावेल. खोलीत ४० अंश असतील, तर तोच फोन त्याच चार्जरवर ४८ ते ५० अंशांपर्यंत जाईल. चार्जरमध्ये काहीही बिघाड नसताना हा फरक पडतो.

फोन गादीवर, उशीखाली किंवा गोधडीत असेल, तर त्याची एक किंवा दोन्ही बाजू उष्णतारोधक कापसाने झाकल्या जातात. कापूस माणसाला ऊब देतो तो ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे फोनची उष्णता अडवून धरतो. जाड रबरी किंवा चामडी कव्हरचा परिणाम याच जातीचा, पण सौम्य असतो. रात्री फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. तिच्यात आणखी एक धोका आहे. झोपेत फोन अंगाखाली आला, तर त्वचेचा संपर्क कित्येक तास टिकतो, आणि सुमारे ४३ अंशांची वस्तूही आठ-आठ तास त्वचेला चिकटून राहिल्यास भाजू शकते. या तापमानाचा चटका लगेच जाणवत नसल्याने झोपलेल्या माणसाला जाग येईलच असे नाही.

अंगभूत संरक्षण

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये बॅटरीजवळ थर्मिस्टर नावाचा तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सूक्ष्म घटक बसवलेला असतो. त्याच्याकडून मिळणाऱ्या माहितीनुसार नियंत्रक मंडल चार्जिंगची धारा कमी-जास्त करते. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने २००७ मध्ये लॅपटॉपच्या बॅटऱ्यांसाठी तापमानानुसार चार्जिंगची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सुमारे १० ते ४५ अंशांपर्यंत पूर्ण गतीने चार्जिंग, त्याबाहेर धारा किंवा विभवांतर कमी आणि टोकाच्या तापमानाला चार्जिंग बंद, असा त्यांचा आशय होता. फोनमधील चार्जिंग मंडलांतही पुढे हीच पद्धत रूढ झाली. फोन फार तापला असता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबणे, पडदा आपोआप मंद होणे, तापमानासंबंधी सूचना दिसणे हे सारे या व्यवस्थेचेच भाग आहेत. 'फोन नीट चार्ज होत नाही' अशी उन्हाळ्यातील तक्रार पुष्कळदा बिघाडाची नसून या संरक्षणाचीच खूण असते.

चार्जिंगचा वेग आरंभापासून शेवटपर्यंत सारखा नसतो. पहिल्या टप्प्यात स्थिर धारेने बॅटरी भरली जाते. तिचे विभवांतर ठरावीक मर्यादेला, म्हणजे घटाच्या प्रकारानुसार सुमारे ४.२ ते ४.४५ व्होल्टपर्यंत पोहोचले की ते स्थिर ठेवून धारा हळूहळू कमी केली जाते. त्यामुळे फोन सर्वाधिक तापतो तो पूर्वार्धात. शेवटचे वीस टक्के भरण्यास लागणारा वेळ कंटाळवाणा वाटला, तरी तो हेतुपुरस्सर ठेवलेला आहे.

अतितापाचे परिणाम

सर्वांत व्यापक परिणाम स्फोटाचा नसून झिजेचा आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. बॅटरीत घडणाऱ्या नको असलेल्या अभिक्रियांनाही तो लागू होतो. या अभिक्रियांत लिथियमचा काही भाग कायमचा अडकून पडतो आणि धारणक्षमता घटते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही झीज अधिक वेगाने होते. बॅटरीविषयक लेखनात वारंवार उद्धृत होणाऱ्या एका तक्त्यानुसार, ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांना वर्षभर ठेवल्यास तिची सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांना वर्षभर ठेवल्यास हेच प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांवर येते. घटाच्या रसायनानुसार हे आकडे बदलतात, परंतु त्यांची दिशा बदलत नाही. ज्याला दर दीड-दोन वर्षांनी नवा फोन घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

दुसरा परिणाम दुर्मीळ, पण गंभीर आहे. बॅटरीच्या आतील तापमान ८० ते १२० अंशांच्या टप्प्यात गेले, की ऋण इलेक्ट्रोडवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो व त्यातून अधिक उष्णता बाहेर पडते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळू लागतो. दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडले की अंतर्गत लघुपरिपथ होतो. सुमारे २०० अंशांच्या आसपास धन इलेक्ट्रोडमधील ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो आणि ज्वलनशील द्रावक पेट घेतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला लागणारी उष्णता स्वतःच पुरवते, म्हणून या मालिकेला अनियंत्रित तापवाढ म्हटले जाते. ५,००० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेच्या व ३.८५ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास, म्हणजे ६९,००० जूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पाण्याचे तापमान १६ अंशांनी वाढवण्यास ती पुरेशी आहे. द्रावकाच्या ज्वलनाची ऊर्जा याखेरीज निराळी.

४५-५० अंशांवर चार्ज होणारा निर्दोष फोन या मालिकेच्या पहिल्या पायरीपासूनही बराच दूर असतो. उष्ण हवेमुळे धडधाकट फोनचा 'स्फोट' होतो, हा समज त्यामुळे अतिरंजित आहे. पेट घेण्याच्या घटनांमागे बहुधा उत्पादनातील दोष, आपटल्याने किंवा दाबल्याने झालेली इजा, अंतर्गत भागात शिरलेले पाणी किंवा कमअस्सल बदली बॅटरी यांपैकी एखादे कारण असते. बाहेरची उष्णता अशा दुर्बळ बॅटरीला संकटाच्या जवळ नेते.

उल्लेखनीय घटना

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने आपल्या बीएल-५सी या बॅटरीसंबंधी जागतिक सूचना प्रसिद्ध केली. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने तयार केलेल्या सुमारे ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अंतर्गत लघुपरिपथामुळे अति तापण्याची शक्यता होती. जगभरातून तोवर सुमारे शंभर तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या. ही बॅटरी भारतात अत्यंत लोकप्रिय असलेल्या साध्या फोनमध्ये वापरली जात असल्याने येथे मोठी घबराट पसरली आणि विक्री केंद्रांवर ग्राहकांची गर्दी उसळली. बॅटरीवरील क्रमांक तपासून पाहण्याची वेळ सामान्य ग्राहकावर बहुधा प्रथमच आली.

दुसरी घटना सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनची. ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आलेले हे फोन पेट घेत असल्याच्या तक्रारींनंतर २ सप्टेंबर रोजी परत मागवण्यात आले. बदलून दिलेल्या फोनमध्येही तोच प्रकार घडू लागल्याने ऑक्टोबरमध्ये त्यांचे उत्पादन कायमचे थांबवले गेले. दरम्यान भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात या फोनचा वापर करण्यास व तो चार्ज करण्यास मनाई केली होती. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने चौकशीचे निष्कर्ष मांडले. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याजवळ ऋण इलेक्ट्रोड वाकत होता, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वितळजोडाचे टोकदार अवशेष विभाजक पडद्याला भेदत होते. म्हणजे दोन वेगवेगळ्या दोषांचा शेवट एकाच प्रकारे, अंतर्गत लघुपरिपथात झाला होता.

जलद व बिनतारी चार्जिंग

जलद चार्जिंगच्या तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे एका अर्थी उष्णतेची जागा बदलण्याचा इतिहास आहे. ओप्पो कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या पद्धतीत विभवांतर ५ व्होल्टच ठेवून जाड केबलमधून ४ ॲम्पिअरपर्यंत धारा पाठवली जाऊ लागली. त्यामुळे रूपांतराची उष्णता फोनऐवजी ॲडॅप्टरमध्ये निघू लागली. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सर्वमान्य मानकातील प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय या प्रकारात फोन ॲडॅप्टरकडे २० मिलिव्होल्टच्या सूक्ष्म टप्प्यांत विभवांतर मागू शकतो, व त्यामुळे फोनमधील रूपांतराचे काम हलके होते. काही फोनमध्ये एकसरीत जोडलेले दोन घट असतात. तेवढीच शक्ती निम्म्या धारेत सामावल्याने प्रत्येक घटातील उष्णता कमी होते.

बिनतारी चार्जिंगमध्ये दोन वेटोळ्यांतील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने ऊर्जा दिली जाते. त्यात तारेपेक्षा अधिक ऊर्जा वाया जाते आणि ती फोनच्या पाठीशी, बॅटरीच्या लगतच निघते. फोन तबकडीवर किंचित तिरपा वा सरकलेला असेल, तर नुकसान आणखी वाढते. फोन आणि तबकडी यांच्यामध्ये नाणे, किल्ली वा धातूची पट्टी असता कामा नये. उष्ण हवेत तारेचे चार्जिंग केव्हाही श्रेयस्कर.

उन्हाळ्यातील चार्जिंग

चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव या भागांत मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. विदर्भात नवतपा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवसांत टिनाच्या छपराखालील खोली दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही तापते, तर सिमेंटच्या स्लॅबची घरे रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. अशा घरात रात्री दहा वाजता फोन चार्जिंगला लावणे दिसते तितके थंडाव्याचे नसते. दिवसातील किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. नागपुरात मे महिन्यातही ते साधारणतः २८ ते ३० अंशांच्या आसपास उतरते. पहाटे उठल्यावर फोन चार्जिंगला लावणे हा या प्रदेशासाठी सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

जागेची निवडही महत्त्वाची असते. शहाबादी फरशी किंवा कडप्पा दिवसाच्या हवेपेक्षा थंड राहतो व लाकडापेक्षा उष्णता चांगली वाहून नेतो. कव्हर काढून फोन कोरड्या फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवल्यास तो लक्षणीय प्रमाणात निवतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मात्र पाण्याचा व शेगडीचा धोका असतो. कोरड्या हवेच्या भागात कूलरने खोलीचे तापमान बरेच उतरते, त्याचा लाभ फोनलाही मिळतो. फोन कूलरच्या तोंडाशी ठेवू नये, कारण तेथे पाण्याचे तुषार उडतात. कोकण, मुंबई व गोवा येथे पारा तुलनेने खाली असला, तरी हवा दमट असल्याने प्रश्न निराळा असतो. तेथे चार्जिंगच्या छिद्रात साचणारा ओलावा आणि त्यामुळे गंजणारे संपर्क यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

तापलेला फोन शीतकपाटात ठेवणे हा सर्वत्र आढळणारा आणि निश्चितपणे चुकीचा उपाय आहे. थंडगार फोन बाहेर काढताच हवेतील बाष्प त्याच्या पृष्ठभागावर व आतही द्रवरूप होते, जसे ते थंड पाण्याच्या तांब्यावर दिसते. ओले फडके गुंडाळणे, बर्फावर ठेवणे यांचाही परिणाम तोच. चार्जर काढावा, फोन बंद करावा आणि सावलीत मोकळ्या हवेत ठेवावा, एवढे पुरेसे असते.

थेट ऊन हा चार्जिंगपेक्षाही मोठा उष्णतेचा स्रोत आहे. निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट सौरऊर्जा पडते. सूर्याकडे तोंड केलेल्या फोनच्या एका बाजूवर याच हिशोबाने सुमारे १२ वॅट पडतात, आणि काळ्या काचेचा पडदा त्यातील बराचसा भाग शोषून घेतो. चार्जिंगची उष्णता याच्या पासंगालाही पुरत नाही. दुचाकीच्या हँडलवर फोन लावून पार्सल पोहोचवणारे कामगार, रिक्षा व टॅक्सीचालक यांचे फोन एकाच वेळी उन्हात असतात, नकाशा दाखवत असतात आणि चार्जही होत असतात. फोन बंद ठेवण्याचा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही, कारण त्यावरच त्यांची रोजी अवलंबून असते. पडद्याची उजळणी शक्य तितकी कमी ठेवणे, शक्य असेल तेथे आवाजी सूचनांवर मार्ग शोधून पडदा बंद ठेवणे, फोनवर सावली करणारी छोटी झडप लावणे आणि चार्जिंग प्रवासात न करता थांब्यावर सावलीत करणे, एवढे त्यांना करता येते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत मात्र फोन ठेवूच नये. तेथील तापमान ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकते.

ज्या गावांत भारनियमन आहे, तेथे चार्जिंगची वेळ निवडण्याची मोकळीक नसते. वीज दुपारी असेल, तर फोनही दुपारीच लावावा लागतो. अशा वेळी जुना ५ किंवा १० वॅटचा संथ ॲडॅप्टर वापरणे हिताचे. वर दिलेल्या वर्गाच्या नियमामुळे वेग निम्मा केल्यास बॅटरीच्या रोधातील उष्णता एक चतुर्थांश होते. फोन बंद करून किंवा विमान अवस्थेत ठेवून चार्ज केल्यास वापराची उष्णता टळते. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरून काढून घेतली, तरी दिवस बहुधा निभतो.

याउलट टोक म्हणजे थंडी. शून्याखालील तापमानाला चार्जिंग केल्यास लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत न शिरता त्यावर धातुरूपात साचतो. हिमालयातील पदभ्रमणात गोठलेला फोन आधी अंगाच्या उबेत आणावा, मग चार्ज करावा.

चार्जर, केबल आणि मानके

भारतात मोबाइल फोन, त्यांच्या बॅटऱ्या, पॉवर बँक व ॲडॅप्टर यांना भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. २०१२ च्या एका आदेशाने सुरू झालेली ही योजना पुढे टप्प्याटप्प्याने विस्तारली गेली. नोंदणीकृत वस्तूवर मानक क्रमांक आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तो पडताळून पाहता येतो. बनावट वस्तूंवर हे चिन्हही छापलेले असू शकते, म्हणून नुसते चिन्ह पाहून थांबण्यापेक्षा क्रमांक पडताळणे अधिक विश्वसनीय आहे.

फोनबरोबर आलेलाच चार्जर वापरला पाहिजे असे नाही; त्याच मानकाचा, नोंदणीकृत असा अन्य चार्जर चालतो. अधिक वॅटचा ॲडॅप्टर फोनमध्ये बळेच अधिक विद्युत ढकलतो, ही समजूतही चुकीची आहे. किती शक्ती घ्यावी हे फोन आणि ॲडॅप्टर परस्परांशी संकेतांनी ठरवतात. खरा धोका निकृष्ट ॲडॅप्टरचा असतो. त्यात २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांमधले विद्युतरोधन कच्चे असेल, तर फोन हातात धरणाऱ्याला विजेचा धक्का बसू शकतो.

केबलचे टोक किंवा फोनचे छिद्र हाताला फोनपेक्षा अधिक गरम लागत असेल, तर दोष बॅटरीत नसून जोडणीत असतो. धूळ, कापसाचे तंतू किंवा गंज यांमुळे संपर्कस्थानी रोध वाढतो व तेवढाच बिंदू तापतो. फोन बंद करून लाकडी काडीने छिद्र हळुवार साफ करता येते. टाचणी वा सुई वापरू नये. भिंतीवरील बोर्डात ॲडॅप्टर सैल बसत असेल, तर तेथे ठिणग्या पडून प्लास्टिक करपते. ते सॉकेट बदलून घ्यावे.

रात्रभर चार्जिंगला ठेवलेला फोन 'जास्त भरून' फुटतो, हा समज जुन्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. पूर्ण भरल्यावर नियंत्रक मंडल धारा थांबवते. तासन्‌तास पूर्ण भरलेल्या व उबदार अवस्थेत राहिल्याने होणारी झीज मात्र खरी आहे, आणि ती टाळण्यासाठीच अनेक फोनमध्ये शेवटचा टप्पा सकाळपर्यंत लांबवण्याची सोय दिलेली असते. फोन थंड करण्याचा दावा करणारी ॲप निरुपयोगी होत. ती चालवण्यासाठीही प्रक्रियकाला काम करावेच लागते.

धोक्याची लक्षणे व तातडीची कृती

फोनची पाठ फुगणे, पडदा चौकटीतून उचलला जाणे, गोडसर किंवा द्रावकासारखा वास येणे, चार्जर काढल्यावरही फोन तापतच राहणे ही बॅटरी निकामी होत असल्याची लक्षणे आहेत. असा फोन पुन्हा चार्जिंगला लावू नये. फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टोचून हवा काढण्याचा प्रयत्न प्राणघातक ठरू शकतो. तो वायू हवा नसून आतील अपघटनातून निघालेला ज्वलनशील वायू असतो.

धूर दिसल्यास फोनला हात न लावता आधी भिंतीवरील बटण बंद करावे, जवळच्या वस्तू दूर कराव्यात, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि माणसांना बाहेर काढावे. धुरात हायड्रोजन फ्लोराइड व कार्बन मोनॉक्साइड हे विषारी वायू असू शकतात. विद्युतपुरवठा तोडलेला असेल आणि अंतर राखता येत असेल, तर फोनवर भरपूर पाणी ओतावे. पाण्यात सोडियम पेटलेला शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेल्यांना हे विपरीत वाटते. लिथियम-आयन बॅटरीत मात्र लिथियम मुख्यतः संयुगाच्या रूपात असते, आणि पाण्याचे काम येथे आग विझवण्याइतकेच बॅटरी थंड करण्याचे असते. ज्वाला शमल्यावरही बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिच्यावर चादर वा पोते टाकून उष्णता कोंडू नये. आग आटोक्यात येत नसल्यास १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

निकामी बॅटऱ्या गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. अशी बॅटरी अधिकृत सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. तोपर्यंत ती घराबाहेर, सावलीत, मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवावी. घंटागाडीतील कचऱ्यात ती टाकल्यास कचरा दाबला जाताना पडदा फाटून गाडीतच आग लागू शकते, आणि तो धोका सफाई कामगारांच्या वाट्याला येतो.